पोट साफ होण्याचा कोड

आयटीत कुणाच्या वाट्याला कुठलं डोमेन येईल हे डिग्रीवर ठरत नाही. तुम्ही बेंचवर बसलेले असताना कुठल्या प्रोजेक्टला माणसं कमी पडली, यावर ठरतं. माझ्या बॅचमधला एक जण बँकिंगमध्ये गेला, एक विमानाच्या तिकिटांमध्ये, एक तर चक्क गेमिंगमध्ये. कुणाच्या लग्नात भेटलो की तिघंही आपापल्या गमती रंगवून सांगतात. माझ्या वाट्याला आलं अमेरिकेतलं मेडिकल बिलिंग. त्यातही घरी जाऊन पेशंट तपासणाऱ्यांची बिलं. आणि गेले काही महिने त्यातही फक्त पोटाच्या, म्हणजे स्पष्टच बोलायचं तर संडासच्या तक्रारींची बिलं. आता हे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा.

(जेवता जेवता वाचायची सवय असेल तर आधी जेवून घ्या. मी थांबतो.)

तर आधी थोडं तांत्रिक. आपल्याकडे गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं की आपण खिशातून पैसे काढून देतो आणि विषय संपतो. अमेरिकेत डॉक्टरला आपण काय केलं ते इन्शुरन्सवाल्याला कोडमध्ये सांगावं लागतं. प्रश्न दोनच असतात. 'का गेलात?' आणि 'काय केलंत?' 'का' चं उत्तर आयसीडी-१०-सीएम नावाच्या यादीतून द्यायचं. ही यादी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. 'काय केलंत'चं उत्तर सीपीटीच्या यादीतून. ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, १९६६ पासूनची. दोन्ही कोड एका क्लेममध्ये बसवायचे, कुठल्या कामाचं कारण कुठला आजार ते बाण लावल्यासारखं दाखवायचं आणि पाठवून द्यायचं. जुळलं तर पैसे येतात. नाही जुळलं तर क्लेम परत येतो, सोबत कारणाचा आणखी एक कोड घेऊन. 'सीओ-११' म्हणजे आजार आणि उपचार जुळत नाहीत. 'सीओ-५०' म्हणजे याची वैद्यकीय गरज नव्हती. 'सीओ-९७' म्हणजे याचे पैसे दुसऱ्या कामातच धरलेत. थोडक्यात, तिथे नकारसुद्धा कोडमध्येच मिळतो.

आमचं सॉफ्टवेअर मधे बसतं. क्लेम बाहेर पडण्याआधी त्याला गाळणी लावायची, चुका पकडायच्या. या प्रकाराला 'स्क्रबर' म्हणतात, आणि माझं काम त्याचे नियम लिहिणं. इफ, एल्स, इफ, एल्स. आईला मी सांगितलंय की मी हेल्थकेअरमध्ये आहे. ती शेजारी सांगते की मुलगा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरचं बघतो. चालायचंच.

आयसीडीच्या यादीवर विनोद पुष्कळ झालेत. बदकाने मारलं तर त्याला कोड आहे. विमानाच्या इंजिनात ओढले गेलात तर त्यालाही आहे, आणि त्याच कारणासाठी पुढच्या वेळी दाखवायला आलात तर तो वेगळा. पहिल्या आठवड्यात आम्ही कँटीनमध्ये हेच कोड एकमेकांना वाचून दाखवत होतो. पण यादीत मुक्काम ठोकला की लक्षात येतं, की ही यादी वेडी नाही, बारकाईची आहे. नुसतं बद्धकोष्ठ घ्या. के५९.०० म्हणजे बद्धकोष्ठ, बाकी काही लिहिलेलं नाही. के५९.०१, आतडंच हळू चालतंय. के५९.०२, आतडं ठीक आहे, पण दाराशी अडतंय. के५९.०३, औषधामुळे झालंय. के५९.०४, जुनं आहे आणि कारण सापडत नाही. पाचही माणसं घरात एकच वाक्य बोलणार, 'पोट साफ होत नाही'. उपचार मात्र पाचांचे वेगळे.

मग येतो के५६.४१. आपल्याकडे म्हातारी माणसं 'खडा धरलाय' म्हणतात तो हा. मळ इतका घट्ट होऊन बसतो की तो आपला आपण बाहेर येऊच शकत नाही. गंमत अशी, की आयसीडीत बद्धकोष्ठाच्या कोडखाली 'एक्स्क्लूड्स वन' अशी सूचना आहे. म्हणजे के५९.० चं कुठलंही पिल्लू आणि के५६.४१ एकाच क्लेममध्ये एकत्र लावायचे नाहीत. खडा झाला म्हणजे बद्धकोष्ठ आलंच, ते वेगळं सांगू नका, असं त्यांचं म्हणणं. इंजिनियरला हे लगेच पटतं. डेटा दोनदा कशाला ठेवायचा?

आता 'काय केलंत'ची बाजू. घरी जाऊन तपासण्याची पद्धत अमेरिकेतून जवळजवळ गेलीच होती. १९३० च्या सुमारास तिथल्या डॉक्टर-पेशंट भेटींपैकी साधारण ४० टक्के भेटी पेशंटच्या घरी होत. १९८० पर्यंत हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. आता म्हातारी माणसं वाढली तशी ही पद्धत हळूहळू परत येतेय, आणि बऱ्याच घरी डॉक्टरऐवजी नर्स प्रॅक्टिशनर जातात. या साध्या नर्स नव्हेत. जास्तीचं शिक्षण घेतलेल्या, तपासणाऱ्या, औषध लिहून देणाऱ्या. त्याच कामाचे मेडिकेअर त्यांना डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. का, ते विचारू नका. मी नुसता ०.८५ ने गुणतो.

जुन्या पेशंटच्या घरभेटीला चार कोड आहेत, ९९३४७ ते ९९३५०. भेट जितकी जड, तितका कोड वरचा आणि पैसे जास्त. २०२३ पासून नियम सोपा झाला. कोड ठरवायला दोनपैकी एक रस्ता घ्या. एक तर डॉक्टरला किती गुंतागुंतीचा निर्णय घ्यावा लागला ते बघा, नाहीतर त्या दिवशी त्या पेशंटसाठी एकूण किती वेळ दिला ते बघा. वेळेने गेलात तर २० मिनिटं, ३० मिनिटं, ४० मिनिटं आणि ६० मिनिटं, अशा चार पायऱ्या. घरी पोचायला लागलेला वेळ यात धरत नाहीत. दोन घरांमध्ये तासाभराचं ड्रायव्हिंग असलं तरी कोडच्या दृष्टीने डॉक्टर दारातच उगवतो.

इतकं सगळं सांगितलं कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

क्लायंटकडून एक रिक्वायरमेंट आली. क्लायंट म्हणजे घरभेटी करणाऱ्या छोट्या छोट्या प्रॅक्टिसेसची बिलं बघणारी एक कंपनी. रिक्वायरमेंट एका ओळीची होती. मुख्य आजार के५९.० पैकी किंवा के५६.४१ असेल आणि भेटीचा कोड ९९३४९ किंवा ९९३५० असेल, तर सिस्टिमने तो आपोआप ९९३४८ करावा. म्हणजे बद्धकोष्ठासाठी ३० मिनिटांच्या वरचं बिल जाऊच द्यायचं नाही.

त्यांची भीती समजण्यासारखी होती. तिकडे फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, १८६३ चा, लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात सैन्याला भिकार माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला. आज तोच कायदा सरकारी पैशातून जास्तीचं बिल लावणाऱ्या डॉक्टरांनाही लागतो, आणि नुकसानीच्या तिप्पट भरपाई, वर प्रत्येक क्लेममागे दंड, असा त्याचा हिशोब. मग बिलिंगवाले म्हणतात, 'पोट साफ होत नाही' असल्या किरकोळ तक्रारीसाठी एवढा वरचा कोड दिसला तर ऑडिटवाल्याची नजर जाणारच. कशाला विषाची परीक्षा घ्या? एक पायरी खाली उतरा, निवांत झोपा.

नियम लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. पण आमच्या टीम लीडची सवय आहे, नियम लिहिण्याआधी त्या प्रकारच्या खऱ्या नोट्स वाचायच्या. 'खऱ्या' म्हणजे ओळख पुसलेल्या. हिपा कायद्याखाली अशी ओळख पुसण्याची एक १८ गोष्टींची यादी आहे. नाव, पत्ता, फोन तर जातातच, तारखांतलं फक्त वर्ष उरतं. आणि वय ८९ च्या वर असेल तर तेही सांगायचं नाही, नुसतं '९० किंवा जास्त' लिहायचं, कारण त्या वयाची माणसं इतकी थोडी असतात की वयावरूनसुद्धा ओळखू येतील. मला हे फार चटका लावून गेलं. माणूस इतका जगतो की शेवटी त्याचं वय हाच त्याचा पत्ता होतो.

तर अशीच एक नोट. बाई, वय ९० किंवा जास्त. खुब्याचं हाड मोडून घरी पडून. दुखण्यासाठी ऑक्सिकोडोन चालू. मुलीची तक्रार, तीन दिवस जुलाब होतायत. मुलीने दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणून दिली, तरी थांबत नाहीत, अंथरूण खराब होतंय, आणि आई जेवायला तयार नाही.

नर्स प्रॅक्टिशनरने तपासलं. जुलाब नव्हतेच. आत मोठा खडा होता, आणि वरचं पातळ तेवढं त्याच्या कडेने झिरपत होतं. याला 'ओव्हरफ्लो' म्हणतात. म्हणजे दिसायला हगवण, असायला बद्धकोष्ठ. ऑक्सिकोडोनसारखी औषधं मेंदूत दुखणं दाबतात तशीच आतड्याची हालचालही मंदावतात. त्यात मुलीने प्रेमापोटी दिलेल्या गोळीने आतडं आणखी थांबवलं.

पुढे नोटमध्ये साध्या इंग्रजीत क्रमाने लिहिलंय. पेशंटला समजावून सांगितलं. कुशीवर वळवलं. ग्लोव्हज, जेली. बोटाने खडा फोडत थोडा थोडा काढला. मधे तीनदा थांबले, पेशंटला त्रास होत होता. मग एनिमा. स्वच्छ केलं. जुलाबाची गोळी बंद केली. रोजचं रेचक सुरू केलं आणि ऑक्सिकोडोन चालू आहे तोवर थांबवायचं नाही असं मुलीला दोनदा सांगितलं. मुलगी रडली. तिच्याशी बोलले. एकूण वेळ ६५ मिनिटं.

कोड सांगू? आजार के५६.४१, आणि त्याच्या जोडीला टी४०.२एक्स५ए, म्हणजे ओपिऑइड बरोबर घेऊनही झालेला दुष्परिणाम. आणि बोटाने खडा काढला त्याचा? त्याला कोडच नाही. सीपीटीत खडा काढण्याचा एक कोड आहे, ४५९१५, पण तो भूल देऊन काढला तर. भूल न देता, घरातल्या पलंगावर, हाताने काढला तर ते भेटीतच धरलेलं आहे. वेगळं लावाल तर पैसे मिळायचे नाहीत.

म्हणजे बघा, विमानाच्या इंजिनाला कोड आहे, बदकाला आहे. त्या खोलीत त्या दिवशी जे सगळ्यात अवघड काम झालं, त्याला नाही. ते काम क्लेममध्ये दिसायची एकच जागा उरते, ती म्हणजे वेळ. निर्णयाच्या गुंतागुंतीने गेलं तर ही भेट ९९३४९ होते. वेळेने गेलं तर ६५ मिनिटं म्हणजे ९९३५०. आणि आमचा नियम तिला ९९३४८ करणार होता. न बोलता, न विचारता, आपोआप.

इथे मला कराडच्या आजीची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी तीही पडली, ऑपरेशन झालं, घरी आली. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिलेलं, तेही त्याच कुळातलं औषध. सहा दिवस तिला झालं नाही, पण ती कुणाला बोलली नाही. मुलगा, सून, नातू, यातल्या कुणाला सांगायचं? तिने जेवणच कमी केलं. आत गेलंच नाही तर बाहेर यायचा प्रश्न नाही, असा तिचा साधा हिशोब. शेवटी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी ओळखलं. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा आजी चहा मागत होती.

"किती झाले हो सिस्टर?" आईने विचारलं.

"ड्रेसिंगचे रोजचेच द्या."

"अहो पण आज तुम्ही..."

"असू दे वहिनी, आजींनी फार सोसलं."

तेव्हा मला ते फक्त सिस्टरचं चांगलं मन वाटलं. चांगलं मन होतंच. पण आता या धंद्यात बसल्यावर दिसतं, की ते कामही कुठे लिहिलं गेलं नाही. तिथे कोड नव्हता म्हणून, इथे लाज होती म्हणून. दोन्हीकडे हिशोबाच्या कागदावर नुसती एक व्हिजिट.

असो. लीडने नोट वाचली आणि म्हणाली, "अरे, हा नियम नको. कॉलवर बोलूया."

कॉलवर तिकडचा मॅनेजर वैतागलेलाच होता. त्याचं म्हणणं एकच, "कॉन्स्टिपेशनसाठी एक तास? कोण विश्वास ठेवेल?" मी नोट वाचून दाखवली, सगळी. मधे तीनदा थांबले, हेसुद्धा. पलीकडे कुणी बोलेना. मग त्यांच्याच बाजूची एक सिनियर कोडर बोलली. त्यांच्या धंद्यातली जुनी म्हण आहे, लिहिलं नाही तर केलं नाही. ती म्हणाली, याचाच दुसरा अर्थ असा की लिहिलंय म्हणजे केलंय. आजाराचं नाव बघून भेट छोटी ठरवायची नसते, नोट बघून ठरवायची असते. आणि कोड न विचारता खाली आणणं म्हणजे सावधपणा नव्हे, तेही क्लेममध्ये खोटं लिहिणंच झालं. फक्त त्यात तोटा आपल्याच माणसाचा होतो.

मॅनेजरचा मुद्दा अगदीच फुकट नव्हता. काही नोट्स खरंच मोजून दोन ओळींच्या होत्या. 'बद्धकोष्ठ. औषध दिलं.' आणि कोड ९९३५०. तो क्लेम तसाच सोडला तर उद्या ऑडिटमध्ये तीच प्रॅक्टिस अडकणार.

शेवटी जे ठरलं ते असं. सिस्टिम कोड स्वतः बदलणार नाही. वरचा कोड आणि पोटाची तक्रार एकत्र दिसली, तर नोटमध्ये एकूण वेळ लिहिलाय का ते बघणार. वेळ लिहिलाय आणि तो कोडला पुरतोय, तर क्लेम सरळ पुढे. वेळ नाही, तर गुंतागुंतीच्या बाजूने कोड टिकतो का ते माणूस तपासणार. तेही नसेल तर नोट जिने लिहिली तिच्याकडे प्रश्न परत. 'तुम्ही खरंच इतका वेळ दिला असेल आणि तो लिहायचा राहिला असेल, तर कळवा.' जास्तीचं एवढंच की एक स्क्रीन वाढला आणि क्लायंटच्या एका माणसाला रोज थोडं जास्त काम लागलं. मॅनेजरने तीन महिन्यांसाठी हो म्हटलंय. पुढचं पुढे.

हा नियम लागल्यापासून मी ती प्रश्नांची रांग अधूनमधून उघडून बघतो. बऱ्याच जणी उत्तर देतात, वेळ लिहून देतात. काहींचं उत्तर येत नाही, आणि मग तो क्लेम खालच्या कोडनेच जातो. त्यातल्या कुणी खरंच तास-तास दिला असेल, कुणी नसेल. मला पुण्यात बसून ते कळायचा मार्ग नाही. माझ्या कोडमध्ये जेवढं लिहिलेलं असेल तेवढंच दिसतं.

तर मंडळी, एक फुकटचा सल्ला, बिल न लावता. घरात कुणी म्हातारं माणूस पडून असेल आणि दुखण्याच्या कडक गोळ्या चालू असतील, तर 'जेवलीस का?' च्या जोडीला 'झाली का?' हेही विचारा. लाजू नका, तीच जास्त लाजतेय. अचानक जुलाब सुरू झाले तर आपल्या मनाने गोळी देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. दुखण्याची गोळी सुरू करतानाच पोटासाठी काय द्यायचं तेही विचारून घ्या. आणि घरी येणाऱ्या सिस्टरनी दार लावून घेतलं, तर बाहेर पडल्यावर त्यांना विचारा, आत नक्की काय काय करावं लागलं. त्या सांगतील. मग त्याप्रमाणे पैसे द्या.

सोमवारी रिलीज आहे. झोपतो.